इन्व्हर्टरच्या बॅटरीला फ्लोट हवाच

एकांनी विचारलंय की इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ व्होल्टला पोचली की चार्जर सरळ बंद का करू नये. कारण तेव्हा ती पूर्ण भरलेली नसते! अशा लेड-ॲसिड (शिसं आणि आम्लाच्या) बॅटरीत पहिल्या टप्प्यात चार्जर ठरावीक करंट देतो, व्होल्टेज चढत जातं आणि साधारण ८० टक्के बॅटरी इथेच भरते. उरलेला भाग मात्र वेळखाऊ. व्होल्टेज १४.४ च्या आसपास धरून ठेवायचं आणि करंट आपोआप उतरू द्यायचा. याला काही तास लागतात. हा टप्पा रोज अर्धवट सोडला की प्लेट्सवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि बॅकअप घटत जातो. माझी पहिली ट्युब्युलर बॅटरी अशीच गेली, अजून हळहळ वाटते.

त्यानंतर १३.५ ते १३.८ व्होल्टचा फ्लोट, म्हणजे बॅटरी भरल्यावरही चालू ठेवलेला हलका चार्ज. तो फक्त बॅटरी नुसती पडून असताना जेवढी उतरते तेवढं भरून काढतो. उन्हाळ्यात बॅटरी तापत असेल तर हे आकडे थोडे खाली आणावे लागतात, नाहीतर पाणी भराभर उडतं.

मोबाईल-लॅपटॉपच्या लिथियम-आयनला फ्लोट नको : प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला धरायचा, करंट उतरला की चार्जिंग बंद. म्हणून लेड-ॲसिडचा चार्जर लिथियमला कृपया लावू नका.