रत्नागिरी : अडीच दिवस, दोन सायकली आणि भरपूर चालणं. सल्ला हवा आहे

पायवाट

नमस्कार मंडळी. दत्तजयंती यंदा गुरुवारी आहे. त्याच रात्री ठाण्याहून कोकणकन्येत बसायचं, शुक्रवारी पहाटे रत्नागिरीत उतरायचं आणि रविवारी दुपारच्या मांडवी एक्सप्रेसने परत. तिकिटं काढून झाली आहेत.

आम्ही चौघं. मी आणि नववीतला मुलगा सायकल चालवतो, तीस-चाळीस किलोमीटर आरामात होतात. बायको रोज पळते. धाकटी सातवीत आहे. खडकात शंख आणि खेकडे शोधायला सोडलं तर तिला जेवणाचीही आठवण राहत नाही.

याआधी दोनदा रत्नागिरी झाली. दोन्ही वेळा गाडीतून उतरा, फोटो काढा, परत चढा. गणपतीपुळे, पावस, मत्स्यालय, थिबा पॅलेस, सगळं 'बघून' झालं आणि घरी आल्यावर पाय जराही दुखले नाहीत. या वेळी पाय दुखायला हवेत. कुठून कुठे सायकल मारावी, कुठे चालावं, काय टाळावं, मनापासून सांगा.

भाट्येकर

पायवाट, आधी जागा ठरवू नका, आधी पाणी बघा. आमच्या किनाऱ्यावर सकाळी सात वाजता जो समुद्र दिसतो तो दुपारी एकला नसतो. बाहेरगावची माणसं ठिकाणांची यादी घेऊन येतात आणि नेमकी भरतीला खडकावर पोचतात.

हिशेब सोपा आहे, आजोबांनी शिकवलेला. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. मिनिटं पुढेमागे होतात, पण दिवस आखायला एवढं पुरतं. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. खात्रीसाठी छापील किंवा मोबाइलवरचा तक्ता बघावाच.

आता तुमचं नशीब बघा. गुरुवारी पौर्णिमा, म्हणजे उधाण. शुक्रवारी प्रतिपदा, ओहोटी सकाळी सातच्या आसपास. शनिवारी द्वितीया, पावणेआठ. रविवारी तृतीया, साडेआठ. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं, म्हणजे तिन्ही सकाळी समुद्र तुमच्यासाठी लांबवर मागे सरलेला असेल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, आला असतात तर एवढा किनारा मिळाला नसता.

तेव्हा शुक्रवारी खोलीवर जाऊन झोपू नका. स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर बाहेर आहे. रिक्षाने सामान टाका आणि पूल ओलांडून थेट भाट्याला या. एका टोकाला काजळी नदी समुद्राला मिळते, कडेने सुरूचं बन. ओहोटीला वाळू इतकी घट्ट बसते की सायकलचं चाक जेमतेम नखभर रुतावं. वहिनींना पळायला याहून चांगली जागा शहराजवळ नाही. खाडीच्या तोंडाशी बायका वाकून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढताना दिसतील. धाकटीला त्यांच्याजवळ उभी करा, विचारलं तर त्या प्रेमाने दाखवतात.

एक कळकळीने सांगतो. खडकाच्या टोकाला वळसा घालून पलीकडे जाल तर परतायची वेळ आधी ठरवा. कॉलेजात असताना आऱ्याच्या बाजूला आम्ही तिघं असेच गेलो, गप्पांत तास गेला. येताना कोरड्या पायांनी गेलेल्या वाटेवर कमरेइतकं पाणी होतं आणि लाट खडकावर ढकलत होती. गुडघे सोलले, वाचलो. ओहोटी पूर्ण झाली की पाऊण तासात निघायचं, हा नियम तेव्हापासून मोडलेला नाही.

सायकलवेडी

भाट्येकरांना शंभर टक्के अनुमोदन. मी सायकलचं सांगते.

उत्तरेकडचा रस्ता घ्या: शिरगाव, साखरतरचा पूल, काळबादेवी, आरे, वारे, मग गणपतीपुळे. एका बाजूचे साधारण पंचवीस किलोमीटर. अंतर काहीच नाही, पण किनारा म्हणजे सपाट अशी समजूत असेल तर ती पहिल्या तासात जाईल. प्रत्येक खाडीशी रस्ता पाण्याला टेकतो आणि लगेच सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, चढतो. आऱ्याचा चढ तर दम काढतो. पण वर पोचलात की खाली दोन किनारे एकाच वेळी दिसतात, मध्ये डोंगराचं नाक आलेलं. तिथे सायकल झाडाला टेकवून मी दर वेळी पंधरा मिनिटं नुसती उभी राहते. उतारावर मुलाला पुढे सोडू नका, वळणावर वाळू असते.

दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून गोळप, पावस आणि पुढे पूर्णगड, तेही पंचवीसच्या आसपास. गोळपचा सडा मोकळा, वारा तोंडावर. पूर्णगड अगदी छोटा किल्ला, खाली मुचकुंदीची खाडी. गर्दी नसते.

रेल्वेत सायकल पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेक व्हॅनमधून न्यावी लागते. पेडल आत वळवा, गिअरच्या बाजूला जुनी चादर गुंडाळा. मी एकदा तशीच दिली आणि मागचा गिअर वाकडा होऊन मिळाला, सगळी सहल चालत झाली. टायरमधली हवा थोडी कमी करा, पंप जवळ ठेवा. आणि पाणी माणशी दोन लिटर. डिसेंबरातही अकरानंतर कातळ तापतो.

सडा

कातळशिल्पांचं कोणीच कसं बोललं नाही? तुमच्या वाटेत आहेत म्हणून सांगतो. पूर्णगडाच्या पुढे कशेळीच्या सड्यावर जांभ्या दगडात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, जलचरसुद्धा. हजारो वर्षांपूर्वीचं काम. कोकणातली ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत.

वेळ महत्त्वाची. भर दुपारी गेलात तर सपाट कातळ दिसेल आणि 'एवढंच?' म्हणून परत याल. चारनंतर जा. ऊन तिरपं झालं की खाचेच्या एका काठावर सावली धरते आणि आधी सोंड, मग पाठीची रेघ, मग पाय असा हत्ती डोळ्यांसमोर उठून येतो. आमच्या गावच्या पोरांना मी हे दाखवतो तेव्हा ती गप्प होतात. बाहेरून फिरून बघा, रेषांवर पाय देऊ नका, खडूने किंवा पाण्याने रेषा उठवू नका. कातळ टणक दिसतो, पण जांभा झिजतो.

दोघांची आई

पोहण्याबद्दल सांगायला आले. गणपतीपुळ्याला आणि आरे-वाऱ्याला पाण्यात खोल उतरू नका, तुम्हाला कितीही उत्तम पोहता येत असलं तरी. तळ एकदम उतरता आहे आणि परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं. तिथे बुडाल्याच्या बातम्या आम्ही वर्षानुवर्षं वाचतोय. गुडघ्यापर्यंत, बस्स. सूचनांचे फलक आणि जीवरक्षकांचं ऐका.

धाकटीला खडकातल्या डबक्यांपाशी न्या. रबरी तळव्याच्या चपला घाला, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांची धार पाय चिरते. समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, बोटभर पाण्यात उमललेलं असतं, पाणी हललं की मिटतं. काहीही उपटून आणायचं नाही, उलटलेला दगड परत तसाच ठेवायचा, एवढं आधीच बजावा.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. असं बसवलंय: शुक्रवारी सकाळी भाट्ये, संध्याकाळी रत्नदुर्ग. शनिवारी पूर्णगड सायकलने आणि तसंच पुढे कशेळी. रविवारी पहाटे आरे-वारे, गणपतीपुळे आणि परत. ठीक आहे का?

भाट्येकर

रविवार चुकला. पन्नास किलोमीटर, चढ, आंघोळ, सायकली पार्सलला देणं आणि गाडी. पार्सलवाल्यांकडे बरंच आधी पोचावं लागतं. पोराला घाई करावी लागेल आणि धाकटीला खडक मिळणारच नाहीत.

आरे-वारे शनिवारी करा. तुम्ही दोघं साडेसहाला सायकलने निघा, वहिनी आणि मुलगी रिक्षाने आऱ्याला. पावणेआठची ओहोटी तिला पुरेपूर मिळेल. कशेळी शुक्रवारी दुपारी तीनला गाडी करून, म्हणजे तिरपं ऊन सापडेल. रत्नदुर्ग रविवारी सकाळी चालत. घोड्याच्या नालेच्या आकाराचा डोंगर, तिन्ही बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ, पलीकडे दीपगृह. वहिनींना पळायचं असेल तर उजाडता थिबा पॉइंटपर्यंत, खाली सगळी खाडी दिसते. पूर्णगड पुढच्या खेपेला.

पायवाट

पटलं. तसंच करतो. मुलगी विचारतेय, जेवणात खेकडे मिळतील का?

दोघांची आई

मिळतील, पण आमच्याकडे म्हणतात अमावास्येचा खेकडा भरलेला, पौर्णिमेचा पोकळ. तुम्ही पौर्णिमेनंतर येताय. तिला तिसऱ्यांचं सुकं खायला घाला, सोबत गरम घावन.