खरा मर्द कोण? उलटीवर पेपर टाकणारा की घर चालवणारा?

घोडबंदरकर
बुलेटचा सायलेन्सर काढून ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारणारे मर्द असतील, तर आपला राम राम. परवा संध्याकाळी ठाणे-पनवेल लोकलमध्ये, ऐरोली यायच्या आत, एका लहान पोराला भडाभडा उलटी झाली. बाप मेल्याहून मेल्यासारखा. आजूबाजूच्यांनी नाकाला रुमाल लावून पाय वर घेतले. खिडकीजवळच्या एका धिप्पाड गड्याने हातातला पेपर उलगडून त्यावर पसरला, एक पान चुरगळून त्या बापाची चप्पल पुसून दिली, पोराच्या हातात आपली पाण्याची बाटली दिली. “होतं हो, लहान आहे,” एवढंच म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये डोकं. फोटो नाही, स्टेटस नाही.
माझ्या मते पुरुषाची पारख अशाच जागी होते, जिथे करून काही मिळत नाही आणि न केलं तर कोणी बोल लावत नाही. पटत नसेल तर या मैदानात.

लेडीज_डबा_वाशी
माणूस भला होता, त्यात वाद नाही. पण आमच्या डब्यात हे रोज चालतं. कोणाला चक्कर आली की चौघी उठतात, रडणारं पोर अनोळखी बाई मांडीवर घेते. त्यावर कोणी धागा काढत नाही. पुरुषाने पेपर पसरला की लगेच आरती!
तो घरी जाऊन आपलं ताट उचलतो का, ते सांगा. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि ही ९७ मिनिटंही जे करतात त्यांची. चारातल्या जवळजवळ तिघांनी त्या दिवशी घरकामाला हातच लावला नव्हता.

कळवा_नाका
मिनिटं मोजून संसार होत नाही, ताई. आमची हयात वागळे इस्टेटच्या कारखान्यांत शिफ्ट-ड्यूटी करण्यात गेली. घरी आल्यावर ताट उचललं नसेल, पण ताटात काही कमी पडू दिलं नाही. त्याला काही किंमत आहे की नाही?
आमच्या चाळीत एक सद्गृहस्थ होते. कोणाचा सिलिंडर वर चढवून दे, कोणाला रात्री दवाखान्यात ने. गल्लीत देवमाणूस. आणि घर चालायचं बायकोच्या पोळीभाजीच्या डब्यांवर. लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला मर्द म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

घोडबंदरकर
काका, घर उपाशी ठेवून गल्ली सांभाळा असं कोण म्हणतंय? पण कमावणाराच घरात सगळ्यांवर डाफरत असेल, तर त्या भरल्या ताटातला घास घशाखाली उतरतो का?

कळवा_नाका
उतरतो. भूक लागली की सगळं उतरतं. तुम्ही लोकांनी भूक पाहिली नाही.

हौदाकाठी
इथे सगळे स्वस्तातल्या चांगुलपणावर बोलताय. पोराला बाटली देण्यात त्या गड्याचं काय गेलं? वीस रुपये. जोतिराव फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दिसायला गोष्ट एवढीशी, तहानलेल्याला पाणी. पण तेव्हा त्यापायी समाजाशी वैर घ्यावं लागे. पुढे १८७४ साली जोतिराव-सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. अशा माणसाला मर्द म्हणा.
तेवढं जमत नसेल तर आपल्या सोसायटीपासून सुरुवात करा. ‘कामवाल्या व डिलिव्हरीवाल्यांनी ही लिफ्ट वापरू नये’ ही पाटी अनेकांच्या बिल्डिंगमध्ये असेल. वार्षिक सभेत उभं राहून ती काढायला सांगा, मग बोलू.

खारघर_सेक्टर
सांगून पाहिलं आमच्या सोसायटीत. सेक्रेटरी म्हणाले, “विषयपत्रिकेत नाही.” मग पार्किंगचा विषय निघाला आणि साडेअकरापर्यंत तोच चालला. पाटी आहे तिथेच आहे.
पण हौदाकाठी, तुमचा निकष लावला तर महाराष्ट्रात दहा-वीस मर्द निघतील, बाकीच्यांनी काय करायचं? लोकलमध्ये बसलेला माणूस अर्ध्या वाटेत उठून उभ्याला म्हणतो, “बस, मी डोंबिवलीला उतरतो.” डोंबिवली तीन स्टेशनं लांब असते. त्याचेही पाय दिवसभर दुखलेलेच असतात. हे मला लहान वाटत नाही.

ऐरोली_नाइट_शिफ्ट
जरा वेगळं. केंद्र सरकारी नोकरदाराला मूल झालं की १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगीत तसा कायदा नाही, कंपनी देईल ती खरी. आमच्याकडे आठवडा मिळतो. मी मागितली तर टीममध्ये हशा: “बाळंत तू झालास का रे?” बायकोचं सिझेरियन, सासूबाई गावाला, रात्री दर दोन तासांनी बाळ उठणार. रजा घेतली. लंगोट बदलले, पेज केली, टाके दुखायचे म्हणून तिला धरून उठवलं. परत आल्यावर टोपणनाव तयार होतं, ‘आया’. अजून तेच चालतं.

कळवा_नाका
आमच्या वेळी हे सगळं आई-मावशी बघायच्या. पण हसायचं काय त्यात? स्वतःच्या पोराचं करतोय.

लेडीज_डबा_वाशी
काका, हे तुम्ही आधीच बोलला असतात तर मी एवढं टाइप केलं नसतं.
आता घोडबंदरकरांना माझा प्रश्न. त्या हसणाऱ्या टीममधले किती जण लोकलमध्ये म्हाताऱ्याला जागा देत असतील? मी सांगते, सगळे.

घोडबंदरकर
सगळे नाही देत. आणि जे देतात त्यांचं ते देणं खोटं, असं मी अजूनही म्हणणार नाही.

लेडीज_डबा_वाशी
खोटं म्हटलंच नाही मी. अपुरं म्हटलं.