लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकं सापडत नाहीत

पिंपळपान:
लोकनाट्याच्या अभ्यासासाठी १९६० ते १९८० दरम्यानची मराठी पुस्तकं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॅटलॉगमध्ये शोधतोय. देवनागरीत टाकलं तर जवळजवळ काहीच येत नाही. नेहमीच्या स्पेलिंगने ‘देशपांडे’ टाकलं तर इंग्रजीत लिहिणारे लेखक तेवढे दिसतात. पुस्तकंच नाहीत की माझं चुकतंय?

सूचीकार:
पुस्तकं असणार. १९६२पासून पीएल-४८० योजनेतून (भारताला विकलेल्या अमेरिकी धान्याच्या रुपयांतून) भारतात छापलेली पुस्तकं लायब्ररीच्या दिल्ली कार्यालयामार्फत तिकडे गेली, त्यात मराठीही होती. अडतंय ते लिप्यंतरावर. जुन्या नोंदी रोमनमध्ये आहेत, पण एएलए-एलसी तक्त्यानुसार, म्हणजे अमेरिकी ग्रंथालयांच्या ठरावीक लिप्यंतर-नियमांनुसार. त्यात व्यंजनातला ‘अ’ आपण उच्चारत नसलो तरी लिहितात. म्हणून देशपांडे म्हणजे डी-ई-एस-ए-पी-ए-एन-डी-ई. कुलकर्णीतही ‘ल’नंतर ‘ए’ येतो.

च साठी नुसता सी, सीएच म्हणजे छ. ‘चरित्र’ सीएचने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. सगळ्यात जास्त फसवतात श आणि ष: श साठी एस (वर तिरकी रेघ), ष साठी एसएच. ‘शिक्षण’ या एकाच शब्दात दोन्ही दिसतात: एस-आय-के-एस-एच-ए-एन-ए. व कायम व्ही, डब्ल्यू कधीच नाही. ज्ञ म्हणजे जेएन, डीएनवाय नव्हे. अनुस्वार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो: ‘संत’मध्ये एन, ‘संभाजी’मध्ये एम. रेघा-टिंबं टाइप करायची गरज नाही, साधी अक्षरं पुरतात.

जुनी_पाने:
लेखकाच्या आद्याक्षरांकडेही लक्ष द्या. ‘वि. वा.’ हे व्ही. व्ही. असं नसतं, व्ही-आय, व्ही-ए असं असतं. त्यामुळे आधी आडनाव, मग ही आद्याक्षरं. तरीही जमलं नाही तर ऑथॉरिटी फाइलमध्ये पाहा. लेखकाच्या नावाची अधिकृत नोंद तिथे असते आणि पर्यायी स्पेलिंगंही बहुधा तिथेच दिलेली असतात. अधिकृत रूप उचलून कॅटलॉगमध्ये टाकायचं.

जोडशब्दांचं मात्र ठाम सांगता येत नाही. ‘लोकनाट्य’ एकत्र आणि तोडून, दोन्ही शोधा.

पिंपळपान:
आडनावाने बरंच सापडलं, आभार! पण ज्यांची नावंच ठाऊक नाहीत अशी पुस्तकं?

सूचीकार:
विषयाने जा. विषयशीर्षकं इंग्रजीत असतात, उदाहरणार्थ ‘मराठी ड्रामा’ आणि त्यापुढे ‘हिस्टरी अँड क्रिटिसिझम’. शीर्षकं अंदाजाने रचण्यापेक्षा मिळालेल्या चांगल्या नोंदीतल्या शीर्षकावर क्लिक करणं उत्तम, त्याच विषयाची बाकीची पुस्तकं समोर येतात. भाषेची गाळणी मराठीवर ठेवा, भाषा-कोड एम-ए-आर.

वर्षाची गाळणी मात्र सैल ठेवा. काही पुस्तकांवर फक्त शके छापलेलं असतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी ते मार्चमध्ये छापलं असेल तर ७९. शके १८९० म्हणजे १९६८ किंवा १९६९. दोन्ही बाजूंना एकेक वर्ष मोकळं सोडा.

जुनी_पाने:
हेच स्पेलिंग वर्ल्डकॅटवरही (अनेक ग्रंथालयांच्या एकत्रित ऑनलाइन सूचीवर) चालतं, कारण अमेरिकी विद्यापीठांची ग्रंथालयं हाच तक्ता वापरतात. पुस्तक मागवायचं असेल तर नोंदीतला एलसीसीएन, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या नोंदीला दिलेला क्रमांक, टिपून ठेवा. स्पेलिंगची भानगड न करता तेच पुस्तक पुन्हा गाठता येतं.