मदत हवी आहे : उपमा, उत्प्रेक्षा आणि आमचा रंकाळा

नमस्कार मंडळी. लेक दहावीला आहे, मराठीची उजळणी घरी मीच घेतोय. मी स्वतः कॉमर्सवाला, त्यामुळं अलंकार म्हटलं की आधी आमच्या कोल्हापूरचा सराफ बाजार, गुजरीच आठवते.

काल फिरताना रंकाळा तलावावरच उदाहरणं तयार केली. ‘रंकाळा आरशासारखा नितळ’ ही उपमा. ‘रंकाळा जणू आरसाच’ ही उत्प्रेक्षा. ‘हा रंकाळा नव्हे, आरसाच’ ही अपन्हुती. ‘आरशाहून नितळ’ म्हटलं की व्यतिरेक. इथवर जमलं. (पाणी खरंच नितळ आहे का, हे विचारू नका.) गाडी अडली रूपकावर. उपमेय (ज्याची तुलना करतो ते) आणि उपमान (ज्याच्याशी करतो ते) एकरूप झाले की रूपक, हे पाठ आहे. पण ‘नयनकमल’ दिसलं की लेक विचारते, “यात सारखेपणाच सांगितलाय, मग उपमा का नाही?” मला धड सांगता येईना. ‘जणू’ दिसलं की उत्प्रेक्षा, एवढ्या खुणेवर परीक्षेत विसंबावं का?

दुसरं निबंधाचं. ‘मी भवानी मंडप बोलतोय’ असं इथल्या ऐतिहासिक वास्तूचं आत्मकथन तिनं लिहिलं, पण पहिल्या परिच्छेदानंतर नुसती माहितीच. मंडपाचा ‘मी’ गायब! वैचारिक निबंधात मुद्दे तरी मांडता येतात, इथं तो सूर शेवटपर्यंत कसा टिकवायचा?

शिकवणाऱ्या कुणी सोप्या उदाहरणांसह सांगितलं तर बरं होईल. गाईड घ्या म्हणू नका, दोन आहेत आणि दोन्हींत तीच उदाहरणं.