टोचन: बंद पडलेली गाडी घरी आणतानाचे तुमचे अनुभव

वाठोडेकर

काल संध्याकाळी नागपुरात उमरेड रोडवर, दिघोरीच्या अलीकडे एक टोचन पाहिलं. पुढे ट्रॅक्टर, मागे जुनं टाटा 207 पिकअप. रंग उडालेला, एक हेडलाइट गायब. मागच्या गाडीत अठरा-एकोणीसचा पोरगा. दोन्ही हात स्टेअरिंगवर, मान पुढे काढलेली, डोळे दोरावर. मी बाजूला गाडी लावली आणि तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो. 2009 च्या डिसेंबरात त्या सीटवर मी होतो.

बाबांचं पण 207 च होतं. आंबिया बहाराचा सीझन, काटोलकडून संत्रा भरून कळमन्याच्या बाजारात निघालो होतो. रात्री फेटरीच्या आसपास इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडी बसली. बाबांनी बोनेट उघडलं, ऑइलची कांडी काढून शर्टाच्या बाहीला पुसली, परत घातली, परत काढली. कोरडी. एक शब्द बोलले नाहीत. पहिलं काम काय केलं, तर मागून येणारी एक गाडी थांबवली आणि आम्ही साठ कॅरेट अंधारात इकडून तिकडे चढवले. सकाळच्या हर्राशीला शेतकऱ्याचा माल पोचलाच पाहिजे. शेतकरी मालासोबत गेला, आम्ही केबिनमध्ये झोपलो. म्हणजे मी झोपलो.

सकाळी काका 407 घेऊन आले. बाबा म्हणाले, तू मागे बस. मला वाटलं सोपं काम दिलं. तर म्हणतात, "पुढचा फक्त ओढते. ब्रेक मागच्याचा असते." काका चालवत होते आणि बाबा 407 च्या मागच्या उघड्या डाल्यात, मफलर गुंडाळून, तोंड माझ्याकडे करून बसले. तळहात खाली केला की हळू, मूठ दाखवली की ब्रेक. मानकापूर, ऑटोमोटिव्ह चौक, कळमना, पारडी, रिंगरोडने घरापर्यंत अडीच तास. अडीच तास ते माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्या हाताकडे. एवढा वेळ सलग आम्ही समोरासमोर त्याआधी कधी बसलो नव्हतो, नंतरही नाही. बाबांना जाऊन आता चार वर्षं झाली.

तुमच्याही घरी अशी गाडी असेल, ओढून आणलेली नाहीतर ओढून नेलेली. लिहा न.

काटोलचा संत्रावाला

भाऊ, आधी माल मग गाडी हे वाचून बरं वाटलं. आम्ही माल देणारे. अशा ड्रायव्हरले आमच्या गावात अजून नावानं ओळखतात. तुमच्या वडलाले नमस्कार.

पाना पेचकस

वडील बरोबर बोलले, ब्रेक मागच्याचाच. पंधरा वर्षं गॅरेज आहे म्हणून थोडं सांगतो, कोणाच्या कामी पडेल.

दोर बंपरला बांधू नका, बंपर हातात येते. चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, हुक असते, नसेल तर चेसिसच्या आडव्या पट्टीला बांधा. दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको, नियमही तोच आहे. वेग पंचवीसच्या आत. मागच्या गाडीला पाटी लावा. चावी काढून खिशात टाकू नका, नाहीतर पहिल्याच वळणावर स्टेअरिंग लॉक. चावी ऑनवर, गिअर न्यूट्रल, हॅन्डब्रेक खाली.

आता मुख्य. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर बंद. दोन-तीन वेळा दाबेपर्यंत ठीक, मग पॅडल दगड होते. पूर्ण ताकद लावली तर ब्रेक लागते, पण ती ताकद पायाला आधी माहीत पाहिजे. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड. म्हणून मागं कोणालाही बसवत जाऊ नका. दोर ढिला पडला की मागच्यानं हलका ब्रेक मारून तो ताणून ठेवायचा. ढिल्या दोराला झटका बसला की तुटलाच. आणि दोराच्या मधोमध ओलं पोतं टाका. तुटला तर पोत्याच्या वजनानं खाली पडते, काचेवर येत नाही. हे पोतं कोणी टाकत नाही आणि मी दरवेळी भांडतो.

ऑटोमॅटिक गाडी अशी ओढू नका. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला ऑइल पोचत नाही. तिला उचलूनच न्या.

नंदनवनची ताई

डबे भरून राहिली आहे, थोडक्यात लिहिते.

आमच्याकडे उलटं, गाडी घरातून ओढून न्यायची होती. सासऱ्यांचा पिकअप सात वर्षं अंगणात उभा. काळी माती, दर पावसाळ्यात चाकं बोटभर खाली जायची. डाल्यावर कारल्याचा वेल. बोनेट उन्हात इतकं तापायचं की सासूबाई त्यावर धोतर अंथरून मुगवड्या वाळवायच्या. मे महिन्यात एका दिवसात कडक. मुलांसाठी ती गाडी नव्हतीच, ते घर होतं त्यांचं. पोट्टे अभ्यासाला पण त्यातच बसायचे.

न्यायच्या दिवशी गाडी हलेचना. चारही टायर बसलेले, मागचे ब्रेक ड्रमला चिकटून गेलेले. मिस्तरी तासभर हातोड्यानं ड्रम ठोकत होता. एक चाक सुटलं तेव्हा असा आवाज आला की सासूबाई आतून धावत आल्या. शेवटी हायड्रा क्रेन बोलावली. सासूबाईंनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा हायड्रावाल्यालाही दिला. मग आत जाऊन दार लावून घेतलं. जिथे गाडी होती तिथे चार खड्डे राहिले, ते त्यांनी दोन वर्षं बुजवू दिले नाहीत.

माई

मुगवड्या बोनेटवर! किती छान. आमच्याकडे आता फ्लॅट, गच्चीला कुलूप. मी कुरोड्या दोन वर्षं केल्याच नाहीत. बाल्कनीत आंबूस होतात.

नंदनवनची ताई

माई, पंख्याखाली एक रात्र काढा आणि मग बाल्कनीत. पातळ घालायच्या फक्त. चीक आदल्या दिवशी नीट निथळू द्या.

माई

करून पाहते गं. गव्हाचा चीक म्हणजे तीन दिवसांचं काम, आता गुडघे ऐकत नाहीत. मूळ विषय राहूनच गेला. आमच्या मानेवाड्याच्या जुन्या घरी पण ह्यांचा पिकअप उभा आहे. नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

गोधनी लाइन

मामाचं मॅटाडोर आम्ही बैलांनी ओढलं आहे. उमरेडकडचं गाव. नेमकं पोळ्याच्या दिवशी बंद पडलं, शेताच्या धुऱ्याजवळ. मामा म्हणे बैल लावा. आजोबा म्हणाले आज बैलाच्या खांद्यावर काहीच ठेवायचं नाही, गाडी राहू दे तिथंच. रात्रभर राहिली. मामा पांघरूण घेऊन गाडीत झोपला. दुसऱ्या दिवशी इकडे नागपुरात मारबतीच्या मिरवणुका निघाल्या होत्या, मिस्तरी महालातला, तो कुठून येतो गर्दीतून! मग बैलजोडीच. बैलांच्या शिंगांचा रंग पण गेला नव्हता, गळ्यात घुंगरं तशीच. मागं मॅटाडोर, त्याच्या मागं गावातले सगळे पोट्टे आपापले लाकडी बैल घेऊन, कारण त्यांचा तान्हा पोळा होता. वरातच म्हणा न.

रात्रपाळी

घुंगरं वाजवत मॅटाडोर 😄 भाऊ, एवढ्या एका दृश्यासाठी धागा वसूल.

अंबाझरीवाली

आमचं थोडं वेगळं, पण टोचनचंच आहे.

23 सप्टेंबर 2023. पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी घरात आलं. कॉर्पोरेशन कॉलनी. नवऱ्याचा केटरिंगचा धंदा, जुना बोलेरो पिकअप गेटसमोर, त्यात दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची भांडी. झोपेतून उठून पाहिलं तर पाणी सीटच्या वर. भांडी तरंगून राहिली होती आणि एकमेकांवर आपटून वाजत होती. काळोखात फक्त तेवढाच आवाज. मला अजून पातेली आपटली की पोटात धस्स होतं.

पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या प्रत्येकानं एकच चूक केली, चावी फिरवली. आमच्या समोरच्यांनी फिरवली, खट् आवाज आला आणि इंजिन गेलं. ह्यांनी पण हात घातला होता चावीला. शेजारचे काका चिखलातून ओरडत आले, "नको नको, पाणी आहे आत!" सिलिंडरमध्ये पाणी असलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे त्या दिवशी कळलं. मग टोचनवाल्यांसाठी रांग. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या मित्रानं जुनी कमांडर जीप आणली आणि आमचा पिकअप ओढून नेला. वाटेत आणखी दोन घरांच्या गाड्याही त्यानं चिखलातून रस्त्यावर काढून दिल्या. डिझेलचे पैसे घेतले नाहीत.

गाडी वाचली. इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढलं, ऑइल तीनदा बदललं, सीटा फेकल्या. केबिनला आजही दमट वास आहे.

पाना पेचकस

काकांनी तुमचं इंजिन वाचवलं ताई. त्या आठवड्यात मी किती वाकलेले रॉड काढले त्याचा हिशेब नाही. सगळ्यांना सांगा, बुडालेली गाडी चालू करायची नाही, बॅटरीची वायर काढायची आणि ओढूनच न्यायची.

रात्रपाळी

वाठोडेकर भाऊ, तुमच्या 207 चं पुढं काय झालं? ते सांगितलंच नाही.

वाठोडेकर

ऑइल पंप गेला होता. बेअरिंग खाल्ले, क्रँकला चरे. वाडीला इंजिन उतरवलं, क्रँक घासून घेतला. बाबांनी आईचे पाटल्यांचे पैसे घातले त्यात. उन्हाळ्यात रस्त्यावर आली आणि दहा वर्षं चालली. आईच्या पाटल्या 2012 च्या दिवाळीत परत केल्या. मला तेव्हा पावती दाखवली होती, का दाखवली ते मी विचारलं नाही.

दोर अजून माझ्याकडे आहे. घरात कोणाला टाकू देत नाही.

काटोलचा संत्रावाला

आईले पाटल्या आवडल्या का मग?

वाठोडेकर

रोज घालते.

माई

आले परत. आमचा पिकअप मानेवाड्याला उभा आहे ना, तोच आता डोक्याला त्रास झालाय. घराचं काम काढलंय, मिस्तरी म्हणतो गाडी हलवा. ह्यांच्यानंतर सहा वर्षं कोणी हात लावला नाही. मुलगा पुण्याला. भंगारवाला आला होता, म्हणाला इथंच कापून नेतो. मी नाही म्हटलं. अंगणात कापलेली नाही बघवणार मला. बाहेर कुठे न्यायची असेल तर नेऊ दे. तुम्ही सगळे एवढं सांगताय म्हणून विचारते, अशा गाडीचं करतात तरी काय?

पाना पेचकस

माई, घाई करू नका. भंगारात द्यायची तर आरसी रद्द केल्याशिवाय देऊ नका, नाहीतर कागदावर गाडी तुमच्याच नावावर राहते. सरकारमान्य स्क्रॅप केंद्र असते, तिथे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला देतात, नवी गाडी घेताना त्याचा फायदा होतो. गाडी तुमच्या ह्यांच्या नावावर असेल तर वारसाचे कागद लागतील, मुलाला ते आधी करायला सांगा. तोवर गाडी माझ्या गॅरेजच्या आवारात उभी राहू द्या. जागेचे पैसे नको.

माई

देव भलं करो तुमचं. पण नेणार कशी? गल्ली अरुंद, हायड्रा वळत नाही म्हणतात.

नंदनवनची ताई

माई, आमच्यासारखे ब्रेक चिकटले असतील. आधी ते पाहा. आणि हळद-कुंकू काढून ठेवा.

वाठोडेकर

माई, काकांचं 407 अजून आहे, गल्लीत मावेल. रविवारी सकाळी 7 ला येऊ का? ऊन चढायच्या आत होईल. दोर मी आणतो.

पाना पेचकस

ओलं पोतं पण आणा. जॅक आणि हातोडा माझ्याकडून. मागच्या गाडीत मी बसतो.

वाठोडेकर

नाही भाऊ, मागं मी बसतो. तुम्ही डाल्यात बसा, माझ्याकडे तोंड करून.

माई

या रे बाबांनो. पोहे करून ठेवते. तर्री वेगळी ठेवू की वरून घालू?

रात्रपाळी

वेगळी. मी पण येऊन राहिलो, धक्का द्यायला माणूस लागेलच.

पाना पेचकस

माई, शेजारच्या पोराकडून आजच चारही टायरमध्ये हवा भरून घ्या. उद्यापर्यंत धरते का ते सांगा, नाहीतर दोन चाकं मी सोबत आणतो.