मदत हवी आहे: बेळगावात कोवर्किंगमध्ये (भाड्याच्या सामायिक ऑफिसात) टेबल घेऊ का? लवकर सांगा

अनगोळकर
घरून काम होईना. मीटिंगमध्ये आवाज तुटतो, लाईट गेली की संपलंच. टिळकवाडीत दोन कोवर्किंग बघितली. एकात मिळेल त्या रिकाम्या टेबलावर बसायचं, दुसऱ्यात ठरलेलं टेबल आणि कुलपाचं कपाट. दुसरं महाग आहे. तोच पत्ता बायकोच्या धंद्यालाही लावायचा विचार आहे. घेऊ की नको? सोमवारी टोकन द्यायचंय. 'घरीच इन्व्हर्टर बसवा' हे कृपया नको.

उद्यमबाग_कट्टा
घरीच इन्व्हर्टर बसवा की. १५० एएचची बॅटरी लॅपटॉप, पंखा, राऊटर आरामात ओढतंय. टेबलाचं भाडं कशाला भरालाय?

केबलवाला
नको म्हणालेत ना ते! अनगोळकर, शिफ्ट कुठली? व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित लाईन, आहे का? आवाज तुटतो तो फक्त वायफायवर की केबल लावूनही?

अनगोळकर
क्लायंट न्यूयॉर्कचा. व्हीपीएन आहे. केबल कधी लावली नाही. याचा टेबलाशी काय संबंध?

केबलवाला
सगळा संबंध तिथंच आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३०, आणि नोव्हेंबरात त्यांचं घड्याळ मागं गेलं की ७.३०. जागा रात्री ९ ला बंद होत असेल तर टेबल फुकट मिळालं तरी उपयोग नाही. रात्रीची चावी, वॉचमन आणि रात्री जनरेटर कोण सुरू करणार, हे लेखी घ्या.

नेट: ते सांगतात तो वेग डाऊनलोडचा असतो. कॉल तुटतो तो अपलोड कमी पडल्यावर. चांगल्या एचडी कॉलला जायचे आणि यायचे प्रत्येकी ३ ते ४ एमबीपीएस धरा. २० जण एकदम कॉलवर असले तर ८० अपलोड लागला. म्हणून स्पीड टेस्ट रिकाम्या दुपारी करू नका, गर्दीच्या वेळी करा. टेबलाला लॅनचं (नेटच्या केबलचं) पॉइंट आहे का बघा, वायफाय फुल दाखवतं आणि कॉल तरी अडकतो.

'आमच्याकडं दोन लाईन आहेत' यावर लगेच खूश होऊ नका. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असल्या तर रस्ता खोदताना दोन्ही जातात. एक पडून दुसरी सुरू झाली की बाहेरचा आयपी (नेटवरचा पत्ता) बदलतो आणि व्हीपीएन तुटतं, परत लॉगिन. क्लायंटनं ठरावीक आयपीलाच परवानगी दिली असेल तर दोन्ही लाईनवर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी पाहिजे. कंपनीच्या आयटीला आधी विचारा.

खानापूर_रोड
जनरेटरचं विसरला. व्हिडिओ कॉल लावा आणि त्यांना मेन स्विच पाडायला सांगा. जनरेटर घ्यायला काही सेकंद लागतातच, तेवढं यूपीएसनं धरलं पाहिजे. कॉम्प्युटर यूपीएसवर असतात खरं, फायबरचा डबा आणि छतावरचं वायफाय साध्या सॉकेटवर. मग राऊटर नव्यानं चालू होईतो दोन-तीन मिनिटं गेलीच. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) दुरुस्तीच्या दिवशी लाईट दिवसभर नसते. त्या दिवशी जनरेटर एसीला चालतो की फक्त दिव्यांना, तेही विचारा.

कॉलेज_रोड
रात्रीचा प्रश्न असेल तर ठरलेलंच टेबल. रोज मॉनिटर कुठं वाहणार? आणि मीटिंग रूमचे तास भाड्यात धरलेत का बघा, नाहीतर तासाचे वेगळे पैसे.

हिशोबनीस
बिल कुणाच्या नावे?

अनगोळकर
कंपनी भरणार. कंपनी पुण्याची. बिल त्यांच्या जीएसटीवर पाहिजे म्हणतात. बायकोचं जीएसटी महाराष्ट्रातल्या चंदगडचं, काजूचा धंदा. मी विचारलं होतं घेऊ की नको!

हिशोबनीस
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. जागेच्या सेवेचा कर जागा ज्या राज्यात आहे त्या राज्याचा, म्हणजे बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि कर्नाटकचा एसजीएसटी (राज्याचा वाटा) येणार. पुण्याचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होतो, बेळगावचा २९ नं. २७ वाल्याला २९ चं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला कर स्वतःच्या देण्यातून वजा करता येत नाही. १०,००० च्या टेबलाचे ११,८०० कंपनीला पूर्ण खर्ची टाकावे लागतील. फायनान्सवाले पहिल्या बिलालाच हे काढतील, आत्ताच सांगून ठेवा.

उद्यमबाग_कट्टा
मग शिनोळीत जागा बघा की, महाराष्ट्र लागतंय तिथं.

केबलवाला
रात्री दीडला शिनोळीहून अनगोळला कशानं यायचं?

हिशोबनीस
आता पत्त्याचं. चंदगडच्या रजिस्ट्रेशनला बेळगावचा पत्ता जोडता येत नाही, दुसऱ्या राज्याला नवं रजिस्ट्रेशनच लागतं. माल चंदगडहूनच निघत असेल आणि बेळगावात फक्त लॅपटॉपवर ऑर्डर बघायच्या असतील तर गरजही नाही. पोती इथं ठेवली तर मात्र लागेल, आणि कोवर्किंगवाला काजूची पोती ठेवू देईल असं वाटत नाही. उद्या घेतलंच तर करार, मालकाचं संमतीपत्र, लाईट बिल किंवा घरफाळ्याची पावती मागून घ्या. नुसता 'व्हर्च्युअल पत्ता' घेऊ नका. तपासणीला माणूस आला आणि रिसेप्शनवर कुणी ओळखलं नाही की अर्ज अडकतो. आत सर्टिफिकेट आणि दारात जीएसटी नंबरची पाटी लागते.

खानापूर_रोड
पाटी लावाल तर ६० टक्के भाग कन्नडमध्ये, २०२४ च्या कायद्यानं.

उद्यमबाग_कट्टा
आणि मराठी कुठं लिहायचं? भिंगातून वाचायचं काय?

खानापूर_रोड
उरलेल्या ४० मध्ये लिहा की, कोण अडवतंय.

संपादक
पाटीचा वाद दुसऱ्या धाग्यावर. इथं टेबलाचंच बोला.

कॉलेज_रोड
लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याची मुदत, किती महिन्यांचं? डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापतात का? नोटीस एक महिन्याची असावी. आणि टोकन द्यायच्या आधी दिवसाचा पास घेऊन तुमच्याच शिफ्टला बसा.

अनगोळकर
ठीक. सोमवारी पास घेतो. काजूची पोती चंदगडलाच राहतील. ऑर्डर बेळगावच्या असतात, बायको घरपोच पाठवते.

हिशोबनीस
थांबा. बायकोचं रजिस्ट्रेशन रेग्युलर की कंपोझिशन (छोट्या धंद्यांची सोपी योजना)?

अनगोळकर
कंपोझिशन. सीएनी तेच सोपं म्हणून करून दिलं. का?

हिशोबनीस
कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. चंदगडच्या दुकानात येऊन गिऱ्हाईक घेऊन गेलं तर वेगळं. तुम्ही शिनोळीच्या पुढं घरपोच पाठवलं की ती आंतरराज्य विक्री. टेबल राहू द्या बाजूला, आज सीएला फोन करा. सीएमपी-०४ हा फॉर्म भरून रेग्युलरमध्ये यावं लागेल आणि शिल्लक मालाचं क्रेडिट हवं असेल तर आयटीसी-०१ या फॉर्मला ३० दिवसांची मुदत आहे.

अनगोळकर
मी टेबलाचं विचारायला आलो होतो.

उद्यमबाग_कट्टा
काजू किलोला काय दर हो?