क्लब बुडाला तर त्याचा इतिहास कोणाचा? हेरेफर्ड आणि आपले होळकर

रामबागकर

गेल्या हिवाळ्यात मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. तो हेरेफर्डपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. एका शनिवारी म्हणाला, "बाबा, चला, मॅच बघू." टीव्हीवर दिसतं तसं काही असेल असं वाटलं होतं. निघालं एक जुनं मैदान, एडगर स्ट्रीट नावाचं. उभं राहून बघायच्या पायऱ्या, हातात गरम चहा आणि आजूबाजूला एकमेकांना नावानं हाक मारणारी माणसं. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला नवखा ओळखलं आणि मैदानातल्या एका जागेकडे बोट दाखवलं. रॅडफर्डनं तिथून मारला होता.

ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे. ५ फेब्रुवारी १९७२. हेरेफर्ड युनायटेड तेव्हा सदर्न लीगमध्ये, म्हणजे मुख्य फुटबॉल लीगच्या बाहेर. खेळाडू अर्धव्यावसायिक: आठवडाभर नोकरीधंदा, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. रॉनी रॅडफर्ड सुतारकाम करायचा. समोर पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागातलं न्यूकॅसल. न्यूकॅसलच्या मैदानावर २-२ बरोबरी झाली होती, म्हणून एफए कपचा, म्हणजे इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, हा सामना पुन्हा हेरेफर्डला. पावसानं मैदानाचा चिखल झालेला. शेवटच्या दहा मिनिटांत न्यूकॅसलनं गोल केला आणि सगळं संपलं असं वाटलं. मग रॅडफर्डनं त्या चिखलातून तीसेक यार्डांवरून असा मारला की चेंडू वरच्या कोपऱ्यात गेला आणि पोरंटोरं मैदानात घुसली. ज्यादा वेळेत रिकी जॉर्जनं दुसरा गोल केला. २-१. लीगबाहेरच्या संघानं पहिल्या विभागाच्या संघाला हरवलं ते १९४९ नंतर प्रथमच. त्या वर्षी येओव्हिलनं संडरलंडला हरवलं होतं. त्याच उन्हाळ्यात हेरेफर्डला लीगमध्ये घेतलं आणि चार वर्षांत ते दुसऱ्या विभागात पोचले.

नंतर उतरण. १९९७ मध्ये लीगबाहेर, २००६ मध्ये परत, २०१२ मध्ये पुन्हा बाहेर. २०१४ मध्ये खेळाडूंची आणि इतरांची देणी थकली म्हणून त्यांच्या स्पर्धेतून हकालपट्टी झाली. नव्या मालकांच्या कारभाराला कंटाळून प्रेक्षकांनी बहिष्कार घातला आणि १९ डिसेंबर २०१४ ला कोर्टानं १९२४ सालचा हा क्लब गुंडाळला.

आणि माझा मुद्दा इथून सुरू होतो. त्याच लोकांनी हेरेफर्ड एफसी नावाचा नवा क्लब काढला. मैदान नगर परिषदेचं होतं, ते मिळालं. तोच पांढरा शर्ट, तीच काळी चड्डी, बोधचिन्हावर तोच बैल. २०१५-१६ ला नवव्या पायरीपासून सुरुवात केली आणि सलग तीन वर्षं तीन विजेतेपदं मिळवली. पहिल्याच वर्षी एफए व्हाज या लहान क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बलीला गेले. मॉर्पेथकडून ४-१ हरले, पण ६०,००० वस्तीच्या गावातून २०,००० च्या आसपास माणसं गेली होती. त्या आजोबांच्या लेखी १९७२ चा गोल याच क्लबचा आहे, आणि मलाही ते पटलं.

म्हणूनच २६ जून २०२२ ला मध्य प्रदेशानं मुंबईला हरवून रणजी जिंकली तेव्हा जिकडेतिकडे "पहिलं विजेतेपद" वाचून मी अस्वस्थ झालो होतो. पहिलं कसं? १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३ ही चार वर्षं कुठे गेली? ती रणजी जिंकणारा होळकर संस्थानाचा संघ याच इंदूरचा होता. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम फेरीत. मी म्हणतो, हे पाचवं विजेतेपद. संघाचं नाव बदललं म्हणून गावाचा इतिहास पुसला जात नाही.

हिशेबतपासनीस

काका, लिहिलंय सुंदर, पण मुळातच असहमत.

क्लब म्हणजे फक्त शर्ट आणि बैल नव्हे. क्लब म्हणजे त्याची देणीसुद्धा. जुना हेरेफर्ड गुंडाळला गेला तेव्हा ज्यांचे पैसे बुडाले त्यांचं काय? नवीन क्लबवर त्यांचा एका पौंडाचाही हक्क नाही, कारण कायद्यानं ती वेगळी संस्था आहे. देणी विचारली की आम्ही नवे आणि गोल विचारला की आम्ही जुने, हे मला चालत नाही.

माझे आजोबा इथल्याच एका कापड मिलमध्ये होते. मिल बंद पडली, थकबाकी राहिली. आजी शेवटपर्यंत त्यांचं हजेरीकार्ड ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवायची. उद्या त्याच नावानं कुणी नवी मिल काढली आणि दारावर जुन्या मिलचं स्थापनावर्ष कोरलं, तर मी आधी ते कार्ड घेऊन दारात उभा राहीन. वारसा सांगायचा तर कर्जासकट सांगा.

बरी या इंग्लिश क्लबचं उदाहरण बघा. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ चा एफए कप जिंकलेला, १९०३ ला तर अंतिम सामन्यात ६-० नं. २०१९ मध्ये लीगमधून काढला. तिथल्या समर्थकांनीही नवा क्लब काढला, पण त्यांच्यातल्याच दुसऱ्या गटानं जुनं मैदान, नाव आणि क्लबच्या जुन्या वस्तू २०२२ मध्ये रीतसर पैसे मोजून विकत घेतल्या आणि मग २०२३ मध्ये दोन्ही बाजूंचं मतदान होऊन एकत्र आले. त्यांनी इतिहास सांगितला तर मी मान खाली घालून ऐकेन.

सुदामानगरची ताई

तपासनीसदादा, तुमच्या आजोबांचं वाचून गलबललं. पण देणी बुडवली कुणी? मालकांनी. मग शिक्षा प्रेक्षकांना का? हेरेफर्डचे लोक तर त्या कारभाराविरुद्ध स्वतःच्या क्लबच्या मॅचवर बहिष्कार घालून बाहेर उभे होते. आपल्या जीवाभावाच्या संघाकडे पाठ फिरवणं किती जड गेलं असेल!

मला विम्बल्डनची गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. टेनिसचं नव्हे, फुटबॉलचं विम्बल्डन, १९८८ चा एफए कप जिंकलेलं. मालकांनी क्लब उचलून सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला नेला. लीगमधली जागा तीच, क्लब चालू, खेळाडू तेच. आणि मागे राहिलेल्या समर्थकांनी २००२ मध्ये एएफसी विम्बल्डन काढलं, खेळाडू निवडायला मोकळ्या मैदानावर खुली चाचणी घेतली. कागदानं बघाल तर यांच्याकडे काहीच नव्हतं. तरी २००७ मध्ये मिल्टन कीन्सवाल्यांनी १९८८ च्या कपची प्रतिकृती आणि बाकीचा ठेवा विम्बल्डनच्या स्थानिक पालिकेकडे, मर्टनकडे, सुपूर्द केला. मिल्टन कीन्सवाले आपला इतिहास २००४ पासून मोजतात.

म्हणजे क्लब जिवंत असूनही इतिहास गावाकडे परत आला. मग क्लब मेल्यावर तो गावाचा नसतो असं कसं म्हणता?

लष्करवाला

ग्वाल्हेरहून लिहितोय. हेरेफर्डबद्दल रामबागकरांशी सहमत, होळकरांबद्दल अजिबात नाही.

हेरेफर्ड एक गाव, एक मैदान, एक क्लब. मध्य प्रदेश म्हणजे इंदूर नव्हे. त्यात आमचं ग्वाल्हेर आहे, जबलपूर आहे, सागर, रीवा आहे. होळकरांचे चार चषक तुम्ही राज्याच्या खात्यात जमा केलेत की आम्हाला ते आमचे म्हणून मिरवावे लागतील, आणि ते आमचे नाहीत. आमचे शिंदे होते, आमची हॉकी होती. हॉकीपटू रूपसिंगांचं नाव दिलेलं स्टेडियम आमच्याकडे आहे. तुमचा इतिहास तुमच्याजवळ असू द्या, आम्ही तो मानतो. पण २०२२ चा चषक सगळ्यांचा पहिला आहे. त्या पोरांना "पाचवा" सांगून त्यांचं पहिलेपण काढून घेऊ नका. १९९८-९९ ला चंद्रकांत पंडितांच्या नेतृत्वाखाली बंगळूरमध्ये अंतिम सामना हातचा गेला होता. तेवीस वर्षांनी त्याच गावात तेच प्रशिक्षक म्हणून उभे होते आणि चषक आला. ती गोष्ट पूर्ण आहे, तिला होळकरांची जोड नको.

शिवाय होळकर संघ खरंच गावाचा होता का? पैसा दरबाराचा. सी. के. नायडू नागपूरचे, निंबाळकर कोल्हापूरचे. महाराजा यशवंतराव होळकरांनी माणसं गोळा केली, सांभाळली. संस्थान विलीन झालं आणि काही वर्षांत संघही संपला. लोकांनी तो पुन्हा उभा केला नाही. हेरेफर्डमध्ये उभा केला. हा फरक मोठा आहे.

महूकर

फुटबॉल आणि होळकर एकत्र आलेच आहेत तर इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टनची आठवण व्हायलाच हवी. युद्धकाळात तो आमच्या, इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता. त्याआधी आर्सेनलकडून विंगर म्हणून खेळलेला, आणि परत गेल्यावर १९५० चा एफए कप जिंकलेला. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध तो होळकरांकडून खेळला. ८६७ चं आव्हान होतं, सामना हरला, पण हा नाबाद २४९! त्याच सामन्यात मुश्ताक अलींची दोन्ही डावांत शतकं.

लष्करवाले म्हणतात माणसं बाहेरची. मग हेरेफर्डचे सगळे खेळाडू तरी कुठे त्याच गावात जन्मले होते? गाव बघणाऱ्यांनी ठरतं. मुश्ताक अली तर इंदूरचेच.

लेफ्ट बॅक

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा लहान आहे आणि अजून खेळतो, म्हणून माझं वेगळं म्हणणं.

दिवसा मोबाईलच्या दुकानात असतो. सकाळी साडेपाचला मैदानावर. ज्या क्लबकडून सात वर्षं खेळलो तो बंद पडला. भांडण नाही, कोर्ट नाही. सचिव आजारी पडले, वर्गणी थांबली, नोंदणीचं नूतनीकरण राहिलं. आम्ही नऊ जण दुसऱ्या नावाच्या टीममध्ये गेलो. जुन्या क्लबचं रजिस्टर, ज्यात १९८० च्या आधीपासूनचे स्कोअर होते, कुणाच्या तरी घराची रंगरंगोटी होताना रद्दीत गेलं. मी त्या घरी जाऊन आलो. तोवर उशीर झाला होता.

तेव्हा इतिहास मालकाचा की गावाचा की कंपनीचा, हे फार पुढचे प्रश्न आहेत. आधी तो कुणीतरी लिहून, जपून ठेवलेला असावा लागतो. रॅडफर्डचा गोल टीव्हीच्या कॅमेऱ्यानं टिपला म्हणून काकांना आज तिथे बोट दाखवणारा माणूस भेटला. आमच्या गोलकीपरनं एका फायनलमध्ये तीन पेनल्टी अडवल्या, ते आता फक्त आम्हा नऊ जणांच्या डोक्यात आहे.

आणि मला विचाराल तर इतिहास खेळणाऱ्याचा. सुतारकाम करून चिखलात उतरला तो रॅडफर्डचा. प्रेक्षकांचा नंतर.

रामबागकर

लेफ्ट बॅक, बाळा, त्या नऊ जणांना एका खोलीत बसव आणि जे आठवतंय ते वहीत उतरव. साल चुकलं तर चुकू दे, दोघांचं जुळत नसेल तर दोन्ही लिही. लागेल तर मी येतो लिहायला. निवृत्त आहे, वेळ आहे, अक्षर बरं आहे.

लष्करवाले, तुमचा एक मुद्दा मी मान्य करतो. "पाचवं" हा शब्द मागे घेतो. ग्वाल्हेरच्या माणसाला होळकरांचे चषक गळ्यात बांधायचा हक्क मला नाही. पण दरबाराचा संघ म्हणून तो गावाचा नव्हता, हे नाही मानत. सी. के. होळकरांच्या फौजेत कर्नल, मुश्ताक अली कॅप्टन. हुद्दा फौजेचा, काम क्रिकेटचं, म्हणजे आजच्या भाषेत अर्धव्यावसायिकच की! पगार तिजोरीतून यायचा, आणि तिजोरीत महसूल कुणाचा होता? माळव्यातल्या शेतकऱ्याचा. माझे वडील यशवंत क्लबच्या मैदानाला वेढा घालून बसणाऱ्या गर्दीतले. त्यांना दरबारात कधी प्रवेश नव्हता, पण १९४५-४६ ला म्हैसूरविरुद्ध एका डावात सहा शतकं झाली, ८ बाद ९१२, तो डाव ते आम्हाला फलंदाजांच्या क्रमानं म्हणून दाखवायचे.

तपासनीस, तुमच्यापुढे मात्र मला उत्तर सुचत नाही. हजेरीकार्डावर रात्रभर विचार केला.

हिशेबतपासनीस

उत्तर नको काका. एवढंच मागतो: हेरेफर्डच्या भिंतीवर १९७२ चा फोटो लागला असेल तर त्याच्या शेजारी १९ डिसेंबर २०१४ हीसुद्धा तारीख असावी, आणि कुणाचे किती पैसे राहिले ते खाली लिहिलेलं असावं. मग मी वाद घालणार नाही. तोवर माझ्या लेखी ते २०१५ चे.

लेफ्ट बॅक, वहीच्या कामाला मीही येतो. शेवटच्या वर्षीची वर्गणी कुणाकुणाची राहिली होती तेही लिहू.

लेफ्ट बॅक

माझी राहिली होती. चार महिन्यांची. रविवारी सकाळी खेळून झाल्यावर, साडेआठला, नेहरू स्टेडियमच्या बाहेर भेटा. सात जण नक्की येतायत, गोलकीपर पुण्याला असतो, त्याला फोनवर घेऊ.